गाळणशास्त्र आणि बढतीचे कोष्टक

कलकत्त्यास वास्तव्याला आलेल्या मराठी माणसाला इथले बंगाली स्नेही, चहाचा दुसरा पेला पुढे करता करता, 'मराठा डिच'ची आठवण हटकून करून देतात, आणि त्यात थट्टा किती व अठराव्या शतकातील बारगीरांविषयीचा जुना आकस किती, याचा अदमास पाहुण्याला चटकन लागत नाही. नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगाल्यात उतरल्या तेव्हा शहराच्या रक्षणासाठी १७४२ साली खणावयास घेतलेला हा खंदक पुरा असा कधी झालाच नाही. पुढे तो बुजवण्यात आला, त्याच्या बऱ्याच भागावरून सर्क्युलर रोड काढण्यात आला, आणि त्या रस्त्याच्या उत्तरेकडील भागाला आज आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांचे नाव आहे. आमच्या पूर्वजांच्या धास्तीने खणलेल्या चरावरून जाणारा रस्ता अखेर एका रसायनशास्त्रज्ञाच्या नावे व्हावा, हा योग मला मोठा रमणीय वाटतो. याच रस्त्यावर १९१४ साली स्थापन झालेले विज्ञान महाविद्यालय आहे, तिथल्याच एका खोलीत आचार्यांनी आपल्या आयुष्याची उत्तरार्धातील वर्षे विरक्ताप्रमाणे काढली, आणि १८९२ साली त्यांनी स्वतःच्या तुटपुंज्या मिळकतीतून आरंभलेला 'बेंगॉल केमिकल'चा उद्योग हा प्राध्यापकाने केवळ पाठ सांगत न राहता काहीतरी उभे करून दाखवावे, या बंगाली परंपरेचा आद्य दाखला ठरला.

त्या परंपरेचा दुसरा, आणि माझ्या आजच्या विषयाला अधिक जवळचा, दाखला शहराच्या दक्षिणेस जादवपूरला आहे. वंगभंगाच्या प्रक्षोभातून १९०६ साली राष्ट्रीय शिक्षण परिषद जन्मास आली. सुबोधचंद्र मल्लिकांनी एक लक्ष रुपये दिले, रासबिहारी घोष अध्यक्ष झाले, अरविंद घोष नव्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य झाले, आणि त्याच वर्षी तारकनाथ पालितांच्या पुढाकाराने तंत्रशिक्षणाची एक स्वतंत्र संस्थाही निघाली. ज्या स्वदेशीच्या वाऱ्यावर हे सारे चालले होते तो वारा वाहता करण्यात देवघरच्या मराठी कुटुंबातील सखाराम गणेश देउस्कर यांच्या १९०४ मधील 'देशेर कथा' या बंगाली ग्रंथाचा वाटा फार मोठा होता, आणि सरकारने तो ग्रंथ पुढे जप्त केला, ही गोष्ट महाराष्ट्राने इतकी विसरून जावी याचे नवल वाटते. राष्ट्रीय महाविद्यालयाचा उत्साह काही वर्षांत ओसरला, परंतु तंत्रशिक्षणाची शाखा टिकली. आणि १९२१ साली तिथे रसायन अभियांत्रिकीचा अभ्यासक्रम सुरू झाला, तो हिंदुस्थानातील पहिला होय. हार्वर्ड व बर्लिन येथे शिकून आलेले डॉ. हिरालाल राय हे त्याचे प्रवर्तक होते. या साहसाचे मोल कळण्यासाठी एवढेच ध्यानात घ्यावे की, अमेरिकेतील सुप्रसिद्ध मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेत रसायन अभियांत्रिकीचा स्वतंत्र विभाग १९२० साली झाला, आणि वॉकर, लुईस व मॅकअॅडम्स या त्रयीचा, या शास्त्राची पायाभरणी करणारा, पाठ्यग्रंथ १९२३ साली छापला गेला. म्हणजे ज्या विषयाचे हे पायाभूत पुस्तक अद्याप निघावयाचे होते तो विषय एका निर्धन, सरकारमान्यतेला वंचित अशा स्वदेशी शाळेने शिकवावयास घेतला होता. मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग, ज्याचे नाव मराठी वाचकाला शर्मा, माशेलकर, जोशी या रसायन अभियंत्यांमुळे अधिक परिचित आहे, तो त्यानंतर बारा वर्षांनी, १९३३ च्या ऑक्टोबरात, उघडला. हिरालाल रायांनीच १९४७ मध्ये भारतीय रसायन अभियंत्यांच्या संस्थेची स्थापना केली. तिचे मुख्य कार्यालय आजही जादवपूर विद्यापीठाच्या आवारात, त्यांच्याच नावाच्या इमारतीत आहे.

रसायन अभियांत्रिकीच्या कुटुंबात गाळणशास्त्राची स्थिती एकत्र कुटुंबातील विधवा आत्याप्रमाणे आहे: तिच्यावाचून एका दिवसाचेही घरकाम चालत नाही, आणि पाहुण्यांसमोर तिला कोणी बोलावीत नाही. ऊर्ध्वपातन, उत्प्रेरण, विक्रियापात्रांची रचना या विषयांत जो डौल आहे तो चिखलयुक्त द्रवातून घन पदार्थ वेगळा करण्याच्या कामात विद्यार्थ्याला दिसत नाही. वास्तविक साखर, औषधे, रंग, खनिजे, तेल, मद्य, सांडपाणी, यांपैकी एकही धंदा गाळण्यावाचून क्षणभर चालावयाचा नाही. आणि हे शास्त्र दिसते तितके भोळेही नाही. फ्रान्समधील दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्याचा अभियंता आँरी दार्सी याने १८५६ साली वाळूच्या थरातून झिरपणाऱ्या पाण्याचा नियम मांडला. त्या नियमावर या शास्त्राची इमारत उभी राहिली, परंतु दार्सीची वाळू होती तशीच राहते, आणि प्रत्यक्षातील गाळणीवर साचणारा गाळ मात्र स्वतःच क्षणोक्षणी गाळणी बनत जातो. सुरुवातीला कापड गाळते, थोड्या वेळाने कापडावर साचलेला थर गाळू लागतो, दाब वाढवावा तर तो थर अधिकच आवळला जातो आणि प्रवाह त्या प्रमाणात वाढण्यास हट्टाने नकार देतो. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचा प्रत्येक विद्यार्थी प्रयोगशाळेत खडूचे पाण्यात केलेले कालवण गाळून, लागलेल्या वेळाला जमलेल्या द्रवाच्या घनफळाने भागून, त्या भागाकाराचा आलेख काढतो; तो सरळ रेषेत आला की त्याला गुण मिळतात आणि विषय संपतो. ज्याचा आलेख वाकडा आला, आणि तो वाकडा का आला या विचाराने ज्याची झोप उडाली, अशा विद्यार्थ्याच्या हातून पुढे या शास्त्रात काही घडते.

१९६० च्या सुमारास सिडनी लोएब आणि भारतात जन्मलेले श्रीनिवास सौरीराजन या दोघांनी कॅलिफोर्नियात असे पातळ पटल तयार केले की ज्याची एकच बाजू घट्ट आणि बाकीची जाडी सच्छिद्र होती, आणि त्यामुळे खाऱ्या पाण्यातून गोडे पाणी व्यवहार्य वेगाने काढता येऊ लागले. तेव्हापासून या विषयाला 'पटलविज्ञान' असे भारदस्त नाव मिळाले, नियतकालिके निघाली, अनुदाने मिळू लागली. तथापि पटल कितीही सूक्ष्म झाले तरी त्याचे जुने दुखणे सुटले नाही: अडवलेले पदार्थ त्याच्या तोंडाशीच गर्दी करतात, छिद्रे बुजतात, प्रवाह मंदावतो. या विषयातील प्राध्यापकाची अवघी कारकीर्द, तिच्यावर किती का अलंकार चढवले असेनात, गाळणी बंद का पडते या एका प्रश्नाभोवती फिरत असते.

आणि हा प्रश्न कलकत्त्याला केवळ शास्त्रीय नाही. बराकपूरच्या पलीकडे हुगळीच्या काठी पलता नावाचे ठिकाण आहे. तिथे नदीचे पाणी स्थिरावून, वाळूच्या विस्तीर्ण वाफ्यांतून संथपणे झिरपवून, शहराला पुरवण्याची व्यवस्था १८७० च्या सुमारास झाली. अशा वाफ्यात वाळू जेवढे काम करते त्याहून अधिक तिच्या माथ्यावर हळूहळू धरणारी सजीव साय करते. ती साय तयार होण्याला दिवस लागतात, आणि ती फार दाट झाली म्हणजे वरचा वाळूचा पापुद्रा खरवडून काढावा लागतो. १८८४ साली रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने याच शहरात पटकीच्या जंतूचा छडा लावला, इथल्या एका वस्तीतील तळ्याच्या पाण्यात त्याला तो जंतू सापडला. आणि त्यानंतर आठ वर्षांनी, १८९२ साली, हांबुर्ग शहरात पटकीने सुमारे ८,६०० माणसे दगावली, तर त्याला खेटून वसलेले आल्टोना, एल्ब नदीचेच पाणी वाळूतून गाळून पीत असल्यामुळे, बव्हंशी बचावले. गाळणीच्या बाजूने याहून प्रभावी साक्ष कोणत्याही न्यायासनापुढे कधी झाली नसेल. हांबुर्गने गाळलेले पाणी १८९३ पासून पुरवले. कलकत्त्याच्या नळांना ते त्यापूर्वी वीस-बावीस वर्षे येत होते. मात्र ते शहराच्या सर्व भागांना येत नव्हते, आणि ज्या वस्त्यांना येत नव्हते तिथली माणसे तळ्यांचे पाणी पीत राहिली व मरत राहिली. यंत्र उत्तम असून त्याची व्याप्ती व निगा अपुरी पडणे, हे या कथेतले सूत्र मला पुढेही वारंवार आढळले.

इथे गाळण्याशी संबंधित अशा एका अन्य कलकत्तेकराचे स्मरण करणे अप्रस्तुत होणार नाही. डॉ. शंभुनाथ दे हे वैद्यकातले, विकृतिशास्त्राचे प्राध्यापक. त्यांचा रसायन अभियांत्रिकीशी काही संबंध नव्हता. कॉखने जंतू शोधला, परंतु तो जंतू माणसाला मारतो कसा, हा प्रश्न पाऊण शतक लोंबकळत राहिला होता. दे यांनी पटकीच्या जंतूंची वाढ केलेला द्रव गाळून जंतूंपासून पूर्ण मुक्त केला, तो सशाच्या आतड्याच्या बांधलेल्या तुकड्यात सोडला, आणि जंतू नसतानाही आतडे पाण्याने फुगते हे दाखवले. म्हणजे घात करणारे ते विष द्रवात होते आणि गाळणीतून पार झाले होते. हा निबंध १९५९ साली 'नेचर' या नियतकालिकात आला. पुढे १९७८ मध्ये स्टॉकहोमच्या नोबेल परिसंवादाचे त्यांना निमंत्रण आले, नोबेलविजेते जोशुआ लेडरबर्ग यांनी त्यांचे नाव त्या पारितोषिकासाठी सुचवले. पण स्वदेशातील एकाही विज्ञान अकादमीने त्यांना आपले सदस्यत्व दिले नाही, आणि १९८५ साली ते निवर्तले तेव्हा त्यांच्याच शहरातील बहुतेक सुशिक्षितांना त्यांचे नाव ठाऊक नव्हते. विद्वत्तेचे माप घेण्याचे आमचे साधन किती सदोष आहे, याचा हा पुरावा मी पुढच्या विवेचनासाठी राखून ठेवतो.

ज्या प्रकरणामुळे मला हा लेख लिहावासा वाटला ते आर्सेनिकचे आहे. जंतुयुक्त तळ्यांपासून लोकांना वाचवण्यासाठी बंगाल्यात गावोगाव कूपनलिका खोदण्यात आल्या. त्यांचे पाणी स्वच्छ, थंड व निर्जंतुक होते, आणि गंगेच्या त्रिभुजप्रदेशातील लोहयुक्त गाळात, जिथे प्राणवायू पोहोचत नाही तिथे, लोहाला चिकटून बसलेले आर्सेनिक सुटून त्यात उतरलेले होते. ट्रॉपिकल मेडिसिनच्या शाळेतील त्वचारोगतज्ज्ञ डॉ. क्षितीशचंद्र साहा यांनी १९८३ साली रुग्णांच्या तळहातांवरील खरखरीत गाठींवरून हा रोग ओळखला. पुढे जादवपूर विद्यापीठाचे दीपंकर चक्रवर्ती यांनी १९८८ पासून मरेपर्यंत, म्हणजे २०१८ पर्यंत, गावोगाव हिंडून पाणी, केस व नखे यांचे नमुने तपासण्याचे जे व्रत चालवले ते कित्येक सरकारी अधिकाऱ्यांना फार गैरसोयीचे झाले होते. १९९५ मध्ये कलकत्त्यास आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि मग उपाययोजनेला वेग आला. पश्चिम बंगाल सरकारने १९९८ च्या अखेरीपासून हातपंपांना जोडावयाचे आर्सेनिक काढणारे सुमारे १,९०० संच बसवले. त्यावर तीस लक्ष डॉलरच्या आसपास रक्कम खर्ची पडली. निविदा निघाल्या, मंजुऱ्या झाल्या, उद्घाटनाच्या फिती कापल्या गेल्या, आणि जमाखर्च चोख लिहिला गेला.

मग चक्रवर्तींच्या गटाने एक अप्रिय काम केले. दक्षिण चोवीस परगण्यातील बारुईपूर भागात अकरा उत्पादकांचे एकोणीस संच परीक्षेसाठी बसवण्यात आले होते. या गटाने त्यांच्यावर एकदा नमुना घेऊन अहवाल न देता दीर्घ मुदतीची नजर ठेवली, आणि २००५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. एकाही संचाला पाण्यातील आर्सेनिक जागतिक आरोग्य संघटनेच्या दर लिटरला दहा मायक्रोग्रॅम या मर्यादेखाली सतत राखता आले नव्हते, आणि तेव्हा आपल्याकडे चालत असलेल्या पन्नास मायक्रोग्रॅमच्या सैल मर्यादेतही संपूर्ण काळ राहिलेले संच केवळ दोन होते. यातील बहुतेक तंत्रे प्रयोगशाळेत उत्तम चालत होती, त्यांच्यावर निबंध छापून आले होते, काहींवर कोणाला तरी डॉक्टरेटही मिळाली असेल. परंतु बंगाल्यातील भूजलात आर्सेनिकबरोबर लोहही विपुल असते. ते हवेच्या संपर्कात येताच तांबूस चिकट गाळ होऊन बसते, संच आठवड्याला उलट्या प्रवाहाने धुतला नाही तर तुंबतो, शोषक द्रव्याची धारणशक्ती संपली की ते बदलावे लागते, आणि संपलेले द्रव्य, ज्यात आता गावाचे सारे विष एकवटलेले असते, ते उकिरड्यावर टाकले तर पहिल्या पावसात पुन्हा जमिनीत जाते. हे सारे कोणी करावयाचे, कोणाच्या खर्चाने, आणि न केल्यास जाब कोणाला विचारावयाचा, हे निविदेच्या तपशिलात नसते. निबंधाच्या निष्कर्षातही नसते.

याउलट घडलेलेही एक उदाहरण त्याच मुलखात आहे. जादवपूरला रसायन अभियांत्रिकी शिकलेले आणि अमेरिकेतील लीहाय विद्यापीठात प्राध्यापक झालेले अरूप सेनगुप्ता यांनी, शिबपूरच्या बंगाल अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या सहकार्याने, १९९७ पासून उत्तर चोवीस परगण्यातील गावांत हातपंपाच्या माथ्यावर बसवण्याचे स्तंभ उभारले. आत सक्रियित अॅल्युमिना, वर हवा लागून लोह साखळण्याची सोय, वीज नको, रसायने मिसळणे नको. यात चकित करणारे विज्ञान फारसे नाही, हे जाणकार कबूल करतील. चकित करणारी आहे ती व्यवस्था. प्रत्येक ठिकाणी गावकऱ्यांची पाणी समिती झाली, कुटुंबागणिक मासिक वर्गणी बसवली, संच धुण्याला माणूस नेमला. शोषक द्रव्य संपले की ते एका मध्यवर्ती ठिकाणी नेऊन पुनरुज्जीवित करायचे, आणि त्यातून निघालेले आर्सेनिक लोहाच्या गाळाशी बांधून जाड वाळूच्या हवेशीर वाफ्यात साठवायचे, कारण हवा असेतो ते लोहाला सोडत नाही आणि उकिरड्याखाली हवा कोंडली की सोडते. हा शेवटचा मुद्दा हीच तर या भूजलाच्या दूषिततेची मूळ कथा आहे, आणि ज्याने ती समजून घेतली त्यालाच कचरा कुठे ठेवावा हे सुचले. २००७ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय अभियांत्रिकी अकादमीच्या ग्रेंजर स्पर्धेत या चमूला दोन लक्ष डॉलरचे रौप्यपारितोषिक मिळाले. दहा लक्षांचे सुवर्णपारितोषिक बांगलादेशात जन्मलेल्या अबुल हुसाम यांच्या, लोखंडाच्या चुऱ्यावर आधारलेल्या, साध्या घरगुती गाळणीला गेले. पहिली दोन्ही स्थाने बंगाली माणसांनी पटकावली, आणि दोघांनाही त्यासाठी आधी अमेरिकेत प्राध्यापक व्हावे लागले, यातला विषाद मी वाचकावरच सोपवतो.

खरगपूरच्या भारतीय तंत्रसंस्थेचे कामही सांगितलेच पाहिजे, विशेषतः कोकणातल्या वाचकाला, कारण त्याच्या घराच्या भिंती ज्या जांभ्या दगडाच्या आहेत तोच तिथे कामाला आला. हिजलीच्या बंदिशाळेत १९५१ साली सुरू झालेल्या त्या तंत्रसंस्थेत प्राध्यापक शीर्षेंदु दे यांनी आपली उमेद प्रथम पटलातील प्रवाह मंदावण्याच्या गणितावर खर्चिली. त्यांना २०११ साली अभियांत्रिकीसाठी भटनागर पारितोषिक मिळाले. परंतु त्यांच्या गटाने मेदिनीपूरच्या तांबड्या जमिनीतील जांभा उचलून, आम्ल व अल्क यांनी संस्कारित करून, त्याची आर्सेनिक धरून ठेवण्याची शक्ती पुष्कळ वाढवली, आणि त्याच्या गाळण्या बंगाल्यातल्या शाळांतून बसवल्या. जांभ्यात लोह व अॅल्युमिनियम यांची ऑक्साइडे मुबलक. म्हणजे ज्या लोहाने विष सोडले त्याच्याच भावंडाने ते पुन्हा पकडावयाचे. द्रव्य स्थानिक, स्वस्त आणि कोणाच्या एकस्वाखाली नसलेल्या डोंगरातले.

आता माझी तक्रार. ज्याला आपण शैक्षणिक कारकीर्द म्हणतो तिचा हिशेब आपल्याकडे निबंधांच्या संख्येने आणि त्यांच्या उल्लेखांच्या संख्येने केला जातो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० साली अध्यापकांच्या कामगिरीला गुण देण्याचे कोष्टक लागू केले. पुढे त्यात फेरफार झाले, संस्थांच्या राष्ट्रीय क्रमवाऱ्या आल्या, पण कोष्टकाचा आत्मा बदलला नाही. विस्तारकार्य म्हणून एक रकाना असतो खरा, परंतु रक्तदान शिबिराला हजर राहणे आणि एका गावाचे पाणी दहा वर्षे शुद्ध राखणे या दोन्ही गोष्टी तिथे शेजारी शेजारी बसतात. या पद्धतीत एखाद्या तरुण प्राध्यापकाने, बढतीची मुदत जवळ येत असता, काय करावे? शोषक द्रव्याचा नवा नमुना तयार करावा, शुद्ध केलेल्या पाण्यात मोजून आर्सेनिक घालून तो तपासावा, सहा निबंध लिहावेत, आणि दुसऱ्या द्रव्याकडे वळावे. खऱ्या विहिरीचे पाणी घेण्याची त्याला भीती वाटते, कारण त्यातले लोह, फॉस्फेट व सिलिका त्याचे आकडे बिघडवतात आणि बिघडलेल्या आकड्यांचा निबंध कोणी छापत नाही. मी त्याला दोष देत नाही. त्याला मुलेबाळे आहेत, घराचे हप्ते आहेत, आणि विभागप्रमुखाला दरसाल अहवाल रुजू करावयाचा असतो. दोष त्या कोष्टकाचा आहे, जे गाळणी शोधल्याचे गुण देते आणि ती चालू राहिल्याचे देत नाही.

गाळण्याच्या शास्त्रात हा दोष इतर शाखांपेक्षा अधिक घातक ठरतो, कारण काळ हाच इथे अभ्यासविषय आहे. नवी गाळणी पहिल्या दिवशी जवळजवळ नेहमीच चांगली गाळते. तिच्याविषयीचे खरे ज्ञान सातव्या महिन्यात, पावसाळ्यानंतर, संच धुणारा माणूस रजेवर गेलेला असताना निर्माण होते, आणि त्या वेळी संशोधक तिथे नसतो, कारण प्रकल्पाची मुदत संपलेली असते, उपयोगिता प्रमाणपत्र दप्तरी दाखल झालेले असते, आणि विद्यार्थी पदवी घेऊन बोस्टनला गेलेला असतो. बारुईपूरचे परीक्षण मला म्हणून या क्षेत्रातील उत्कृष्ट संशोधनांपैकी एक वाटते. त्यात नवे द्रव्य नाही, नवे समीकरण नाही. पुन्हा पुन्हा तेच पाणी तपासण्याची चिकाटी आहे, आणि जे आढळले ते छापण्याचे धैर्य आहे.

यावर विद्यापीठातील माझे मित्र एक आक्षेप घेतात, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. प्राध्यापकाने पंप दुरुस्त करीत बसावे काय, ते काम पाणीपुरवठा खात्याचे नाही काय, असे ते विचारतात. आणि शंभुनाथ दे यांचेच उदाहरण देऊन सांगतात की, शुद्ध जिज्ञासेच्या एका निबंधाने जे साधले ते हजार हातपंपांनी साधले नसते. दे यांच्या निबंधाविषयी ते म्हणतात ते खरे आहे. पण त्याच दे यांना कोणत्याही कोष्टकाने मोठे ठरवले नव्हते, हे ते विसरतात. कोष्टक शुद्ध जिज्ञासेलाही ओळखत नाही आणि लोकोपयोगालाही ओळखत नाही. ते संख्या ओळखते. आणि पंप खात्यानेच दुरुस्त करावा हे मान्य केले, तरी तो का बिघडतो हे शोधून सांगण्याची विद्या खात्यापाशी नाही, ती विद्यापीठापाशी आहे. हिरालाल रायांच्या पिढीला हा भेद पडला नव्हता. त्यांनी अभ्यासक्रम आखला, विद्यार्थी कारखान्यांत धाडले आणि व्यवसायाची संघटना बांधली; त्यांचे निबंध किती, हे विचारण्याची आज कोणाला गरजही वाटत नाही.

महाराष्ट्राला हा प्रश्न परका नाही. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील कित्येक गावांच्या विहिरींत फ्लोराइड आहे, ते दातांवर डाग पाडते आणि पुढे हाडे वाकवते. त्याच्यावरील संच बसवले जातात, काही चालतात, पुष्कळ गंजतात. नागपुरास राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था १९५८ पासून आहे, मुंबईस रसायन तंत्रज्ञानाची नामांकित संस्था आहे, पुण्यास राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे. विद्येची वाण आपल्याला नाही. माझी सूचना लहान आहे आणि तिला विशेष अंदाजपत्रक लागत नाही. आपल्या विद्यापीठांच्या कुलगुरूंनी, शास्त्र व अभियांत्रिकीच्या अध्यापकांसाठी असलेल्या बढतीच्या अर्जात, एक प्रश्न वाढवावा: आपल्या संशोधनातून उभा राहिलेला एखादा संच पाच वर्षांनंतर आज चालू आहे काय, आणि असल्यास त्याच्या पाण्याचे यंदाचे पृथक्करण काय सांगते? ज्याचा संच बंद पडला असेल त्याने तो का पडला याचा प्रामाणिक वृत्तान्त जोडल्यास त्यालाही गुण द्यावेत. पडताळणीसाठी दिल्लीची समिती बोलवण्याचे कारण नाही. ग्रामपंचायतीचा दाखला आणि जिल्हा प्रयोगशाळेचा कागद एवढ्यावर भागेल.